कळलावीचा वाफा

पाचोडहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी माझ्याकडं पीएच.डी. करत होती. विषय कळलावीची वेल. घाटातल्या कोणत्या उतारावरच्या कंदात औषधी द्रव्य जास्त असतं, हे ती तपासत होती. कन्नडच्या घाटातून एकेक कंद आणून मी कॉलेजच्या मागं वाफा केला होता, आणि तिचं सगळं काम त्या वाफ्यावर चाललं होतं. शेवटचा हंगाम तेवढा राहिला होता.

त्या हिवाळ्यात कॉलेज तपासायला समिती येणार होती. समिती म्हटलं की आमच्याकडं शिकवणं बंद आणि रंगकाम सुरू. भिंती झाल्या, झाडांची खोडं गेरू-चुन्यानं रंगवून झाली, माझ्या वाफ्यातल्या पाट्यासुद्धा रंगवायला काढून नेल्या. मी तेव्हा परीक्षेच्या कामाला नांदेडला गेले होते. परत येऊन बघते तर वाफ्याच्या जागी पेव्हर ब्लॉक, आणि त्यावर नर्सरीतून भाड्यानं आणलेल्या तुळशीच्या कुंड्या. माती जेसीबीनं खरवडून कुठल्या तरी भरावाला गेली होती, कंदांसकट.

डोक्यात सणकच गेली. तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिथं काहीच नव्हतं. मोकळी जागा होती."

कळलावी पावसाळ्यात चढते, फुलते आणि हिवाळ्यात वाळून जाते. जिवंत कंद तेवढा जमिनीत राहतो. हे मी प्रथम वर्षाच्या पोरांना जन्मभर शिकवलं. प्राचार्य तर आमच्याच वनस्पतिशास्त्राचे एम.एस्सी.! मी त्यांना विचारलं, जानेवारीत कळलावी कुठं असते सर? त्यांनी बेल वाजवून माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा न घेता उठले.

समिती आली. कुंड्यांसमोर फोटो काढले, 'हर्बल गार्डन'चं तोंडभरून कौतुक केलं आणि जेवायला गेली. संध्याकाळी कुंड्या टेम्पोत बसून परत नर्सरीत. लई संताप होतो अजून, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

पाऊस पडल्यावर मी आणि ती मुलगी नवे कंद आणायला जीपनं घाटात गेलो. मला पाठ असलेल्या जागी नुसते खड्डे. व्यापाऱ्यांना कंद विकणाऱ्यांनी उतारच्या उतार खणून नेले होते. ती तिथंच दगडावर बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. चपलेचा चिखल काडीनं काढत म्हणाली, "मॅडम, आता मला असं झाड द्या, जे बारा महिने सगळ्यांना दिसतं."

मी तिला कोरफड दिली. कोरफडीवर काम झालेलं नाही असं काहीच उरलेलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. झाली तिची पीएच.डी. पेढे प्राचार्यांनी वाटले.