अंजनाबाईंचं पाणी पिणं

अंजनाबाई पाणी प्यायच्या, ते बघत राहावं असं. मान मागे टाकायची, गडवा वीतभर उंच धरायचा आणि धार थेट घशात. ओठ लागणार नाहीत, थेंब सांडणार नाही. त्याआधी अर्धं आयुष्य पाटलाच्या विहिरीवर वाकून, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलण्यात गेलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, "आता मान खाली घालून पाणी पेनार नाई."

सत्तरी ओलांडली तसा घोटागणिक ठसका लागू लागला. दोनदा छाती भरून ताप आला. तिसऱ्यांदा निभणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून सून सत्यशीलाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात इंदुताई आल्या. म्हाताऱ्या माणसांना गिळताना काय अडतं, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर. गावोगाव ठसके मोजत हिंडायच्या.

"वाघ मोजनारे पाह्यले होते," अंजनाबाई म्हणाल्या, "खोकला मोजनारी तूच पह्यली!"

तपासून इंदुताई म्हणाल्या, "आजी, वरून ओतू नका. हनुवटी छातीकडे घ्या, मग गिळा. पातळ नको, जरा दाटसर घ्या."

"मान खाली? मरन आलं तरी नाई!"

सत्यशीलानं इंदुताईंना बाजूला नेऊन ओंजळीची हकीकत सांगितली. त्यांचं पेन थांबलं.

बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर होती आणि म्हातारीला खीर हवीच होती. सत्यशीला अंगणात भाजी निवडत विचार करत होती. बाजेवरून सासूबाईंचे हुकूम सुटत होते. तिनं सहज वर पाहिलं. तिला दटावताना म्हातारीची हनुवटी आपसूक छातीला टेकली होती!

पौर्णिमेला तिनं सासूबाईंना बाजेवर बसवलं. आपण जमिनीवर. नवऱ्याला, देवरावला, ओढून खाली बसवलं. इंदुताईही पदर खोचून टेकल्या.

"आत्याबाई, तुमी वर, आमी समदे खाली. आता आमच्याकडं पाहून खा."

अंजनाबाईंनी खाली नजर फिरवली. डॉक्टरीणबाईसुद्धा मातीत! चेहरा खुलला. दाट खिरीचा एकेक चमचा आत जाऊ लागला. सत्यशीला घोटाला एक चिंचोका डावीकडे ठेवत होती, ठसक्यासाठी उजवी बाजू. डावीकडे एकोणीस झाले, उजवीकडे काहीच नाही.

तेवढ्यात देवराव कुरकुरला, "माय, माहे गुडघे दुखून राह्यले."

"दुखू दे! आमी लय वर्सं बसलो!" म्हणत त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

इंदुताईंनी वही उघडली. सत्यशीलानं त्यांचा हात धरला, "हा नका लिहू, बाई. हा हसन्याचा हाय."

पुढची तीन वर्षं रोज तीनदा सत्यशीला बाजेसमोर जमिनीवर बसली. छातीचा ताप काही परत आला नाही, आणि वरून हुकूम मात्र वाढले.