वास न येणारे औषध

आगाशीच्या एका वाडीत वाढलेले रामनाथ चुरी गेली सत्तावीस वर्षे वसई-विरारच्या इमारतींतून झुरळे, मुंग्या, उंदीर आवरण्याचे काम करीत आहेत. त्यांतील पहिली वीस वर्षे त्यांनी पाठीवर पंप घेऊन केवळ फवारणी केली. त्या वर्षांनी त्यांना एक कायमचा खोकला दिला, आणि जिथे ओल असते व अन्न सुटे पडते तिथे मेलेल्या झुरळाची जागा दुसरे घेते, ही जाणही दिली.

म्हणून आचोळ्यातील एका लहान शाळेचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी पंप नेलाच नाही. बालवर्गाची मुले सतरंजीवर बसतात, खाली सांडलेला दाणा उचलून तोंडात घालतात. त्या भूमीवर विष शिंपडणे त्यांच्या मनाला पटेना. आठ महिने त्यांनी नळांभोवतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, मोरीला बारीक जाळी बसवली, खिचडीचे तांदूळ घट्ट झाकणाच्या पिंपांत भरायला लावले. कपाटांच्या सांध्यांत, झुरळे खाऊन मरतात त्या जेलचे मोहरीएवढे ठिपके ठेवले; कपाटांखाली झुरळे अडकणाऱ्या चिकट पट्ट्या सरकवल्या.

"चुरीबाबा, तुमी औषध मारायला येता का गवंडीकामाला?" शाळेची सेविका जिजा विचारी.

"एकच काम आहे हो ते, जिजाताई."

परंतु या कामाला वास नव्हता. आणि आपल्याकडे नाकाला झोंबल्यावाचून औषधावर श्रद्धा बसत नाही. जानेवारीत एका मुलीच्या दप्तरातून झुरळ निघाले, पालक संतापले, आणि मुख्याध्यापिका प्रिस्का मॅडमनी रामनाथांना बोलावून घेतले.

"चुरीकाका, शनिवारी पालकसभा आहे. त्यांना तुम्हीच पटवा. नाही पटलं तर रविवारी दुसऱ्याकडून फवारून घ्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

रामनाथांनी सभेत दोन चिकट पट्ट्या मांडल्या. जूनमधली काळी पडलेली, गच्च भरलेली. जानेवारीतली जवळजवळ कोरी, चार झुरळांची. हा भेद डोळ्यांनाच दिसेल, असे त्या भाबड्या मनुष्याला वाटले होते.

"शी! चार अजून आहेत, आणि वर आम्हाला दाखवतायत!" पुढे बसलेली सुरुची नावाची एक आई म्हणाली.

"आमच्या बिल्डिंगमध्ये मारलं की दोन दिवस डोळे चुरचुरतात," मागून एक गृहस्थ म्हणाले. "औषध म्हणतात ते त्याला. हे काका मलम लावून जातात."

सभा हसली. रामनाथ उत्तर द्यायला उठले, आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत हात वर झाले होते, निर्णय झाला होता.

रविवारी फवारणी झाली. सोमवारी शाळा भरायच्या तासभर आधी रामनाथ दोन बादल्या, साबण आणि फडकी घेऊन फाटकाशी उभे राहिले.

"काम गेला ना तुमचा? मग कशाला आलात?" जिजाने विचारले.

"पोरं जमिनीवर बसणार. तेवढी जमीन पुसतो."

"आनि पैसं कोन देनार?"

"खिडक्या उघडा आधी."

कपाटांच्या सांध्यांकडे त्यांनी पाहिले नाही. जेलच्या ठिपक्यांवर फवारा पडला असणार. त्या वासामुळे झुरळे आता ठिपक्यांना तोंड लावणार नाहीत. आठ महिन्यांचे काम तिथे संपले, हे त्यांना पाहिल्यावाचूनही कळत होते. ते गुडघ्यांवर बसले आणि ओल्या फडक्याने एकेक फरशी पुसू लागले. प्रत्येक ओळीनंतर थांबत, खोकत, पाणी बदलत.

जिजा बराच वेळ पुटपुटत उभी होती. मग तिने पदर खोचला. "दरवाज्याकडची बाजू मी घेते. तुमची कंबर काय धड हाय?"

मुले आली, तेव्हा तिने त्यांना ओसरीवरच अडवले. "कोन आत जायचा नाय! पानी सुकू दे."

बालवर्ग पुसून झाला. पहिलीचा वर्ग अजून उरला होता. रामनाथांनी भिंतीला हात टेकून उठण्याचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमले नाही, दुसऱ्यांदा जमले. जिजाने स्वच्छ पाण्याची बादली उचलली आणि त्यांच्या पुढे चालू लागली.