रांगेबाहेरचे सुभेदार

सुभेदार माझ्या दवाखान्यात पेशंट म्हणून कधीच यायचे नाहीत. ते यायचे तपासणीला, आणि तपासणी असायची माझी. दारात उभे राहून आधी माझं टेबल बघायचे, मग चपला, मग मला. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, सांगलीची, मिरजेत डॉक्टरकी शिकून कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावी नुकतीच सरकारी नोकरीवर आले होते. वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमची काळी पेटी कुठाय? आन् कपाळावरचा आरसा?" माझ्याकडे दोन्ही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. मी नापास झाले होते.

हा आरसा आला कुठून, हे कळायला मला दोन महिने लागले. वर्षाकाठी एकदोनदा गावात सरकारी प्रचाराची जीप यायची. शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा लागायचा आणि आरोग्याचा सिनेमा व्हायचा. त्यात क्षयरोगावरचा एक चार-पाच मिनिटांचा, मुलांसाठी काढलेला, हलत्या चित्रांचा सिनेमा होता. त्यात एक दाढी वाढलेला, फाटक्या शर्टाचा माणूस दिसेल तिथे थुंकत फिरतो. त्याच्या छातीत शिंगं असलेला जंतू शिरतो. मग गलेलठ्ठ, हसतमुख डॉक्टर येतो. त्याच्या कपाळावर गोल आरसा आणि हातात काळी पेटी. पहारेएवढी सुई तो टोचतो, जंतू बोंबलत पळतो आणि आजारी माणूस अंथरुणातून उडी मारून थेट कुंपणापलीकडे जातो. पोरांनी त्या माणसाचं नाव ठेवलं होतं गबाळ्या. गावात कुणी खोकलं की पोरं मागून ओरडायची, गबाळ्या आला.

पोरांचं एक वेळ सोडा. पण सुभेदारांनी तो सिनेमा मांडीवर एकेक नातवंड घेऊन तीनदा पाहिला होता आणि तो त्यांना वरिष्ठांच्या हुकमासारखा पाठ होता. मी एकदा चिडून म्हटलं, सुभेदार, ते चित्र आहे, कुणीतरी कागदावर काढलेलं. ते शांतपणे म्हणाले, "सरकारनं दाखवलंय. सरकार खोटं दाखवंल व्हय?" मीही सरकारनेच पाठवलेली होते, पण मला सरकारने पेटी दिली नव्हती.

तसा माणूस सोन्यासारखा होता, आणि म्हणूनच जास्त राग यायचा. पंचवीस वर्षं फौजेत काढून आलेले, घरी ऊस, तीन मुलं, सुना, नातवंडं. घर लख्ख. चूळसुद्धा ठरल्या जागीच भरायची. सगळ्या गल्लीत देवीची लस टोचायला मला कधी अडचण आली नाही, कारण सुभेदार काठी घेऊन माझ्यापुढे चालायचे. पण औषधाच्या बाबतीत त्यांच्या घरी न्यायाधीश होती नातवंडं. मी गोळ्या दिल्या की धाकटा विचारायचा, सुई न्हाई? मग सुभेदार माझ्याकडे बघायचे. सर्दीला सुई नसते हे त्या घराला पटवण्यात माझी दोन वर्षं गेली आणि शेवटपर्यंत पटलं नाही ते नाहीच.

त्या घरातली नऊ वर्षांची सुली त्यांची सगळ्यात लाडकी. रोज रात्री ती आज्जाच्या अंथरुणात झोपायची. एका हिवाळ्यात ती वाळायला लागली, मानेला गाठी आल्या, संध्याकाळचा ताप उतरेना. मी सांगलीला पाठवून छातीचा एक्स-रे फोटो काढून आणवला. क्षयच होता. मी सुभेदारांना बसवून सांगितलं, दोन महिने रोज इंजेक्शन आणि पुढे गोळ्या, सगळं मिळून दीड वर्ष. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मला पाढेही येत नसावेत.

"दीड वर्स? तितं एका सुईत काम झालं."

मी कपाळाला हात लावला. तरी पोरीला ते रोज वेळेवर घेऊन यायचे, हे कबूल करायला हवं. चौथ्या दिवशी इंजेक्शन दिल्यावर त्यांनी तिला ओसरीवर उभं केलं आणि पायरीवरून उडी मारायला सांगितली. सुली रडवेली होऊन पायरीवरच बसली. सुभेदार मला म्हणाले, "अजून उडी न्हाई." मी त्यांना काय काय बोलले ते आज इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुलीला खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर आठाला पुन्हा हजर.

लहान मुलाला हा आजार होतो तो बहुधा घरातल्याच कुणा मोठ्याकडून. म्हणून मी त्यांना बजावलं, की घरातल्या प्रत्येकाला मला तपासायचंय, एकही माणूस सुटता कामा नये. सुभेदारांना असलं काम आवडायचं. मी गेले तर अंगणात सगळं घर रांगेत उभं. उंचीप्रमाणे चौदा माणसं, अगदी सुनासुद्धा डोक्यावर पदर घेऊन. एकेकाचं नाव पुकारून ते पुढे पाठवत होते, खोकून दाखवा म्हटलं की खोकून दाखवायला लावत होते. मी चौदाही छात्या ऐकल्या. कुठे काही सापडलं नाही. शेवटी विचारलं, घरात कुणाला जुना खोकला? समोर ताठ उभं राहून ते म्हणाले, कुणालाच नाही. मी चहा घेतला आणि घरी आले.

त्या चौदांत हजेरी घेणारा नव्हता. हे माझ्या लक्षात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांच्यावर मी आयुष्यभर चिडले, पण त्या दिवसासाठी मी अजूनही स्वतःवर जास्त चिडते.

मग महिनाभराने, सुई टोचताना सुलीचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी तिला विचारलं, आज्जा दिवसभर काय करतात? ती म्हणाली, शेताला जात्यात. मी म्हटलं, काम करायला? "न्हाई. खोकाय. घरात खोकलं तर पोरं गबाळ्या म्हणतील म्हणून. मला सांगितलंय, कुणाला सांगायचं न्हाई."

दुपारी मी त्यांच्या शेतावर गेले. उसाच्या कडेला बांधावर ते बसले होते. मला बघून उठले, सवयीने ताठ झाले आणि त्या ताठ होण्यातच खोकल्याची उबळ आली. रुमाल त्यांनी मुठीत दाबला, पण त्यावरचं लाल मला दिसलं. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यापासून. म्हणजे दीड वर्ष. रोज माझ्या दारात येणारा माणूस माझ्यापासूनच लपवत होता.

"तसं आमच्यात कुणालाच न्हाई," ते म्हणाले. "आवं, त्यो मानूस तुमी बघितलाय न्हवं? मी रोज दाढी करतो. कवा रस्त्यावर थुकलो न्हाई. मला कसा हुईल त्यो रोग?" मग खाली बघत, "पोरं लय हसत्यात त्याला."

इथे मी शहाणपणाने वागायला हवं होतं. पण दोन वर्षांचा राग एकदम वर आला. मी म्हटलं, सुभेदार, सुलीला हा आजार तुमच्याकडून झालाय. रात्री ती तुमच्या कुशीत झोपते. हे वाक्य खरं होतं आणि ते सांगणं माझं कामच होतं, पण ज्या आवाजात मी ते सांगितलं तो आवाज मला आजही ऐकू येतो. ते मटकन बांधावर बसले. फौजेतून आल्यापासून त्यांना असं बसलेलं कुणी पाहिलं नसेल. त्यांनी एकच विचारलं, "पोर वाचंल न्हवं?"

मी वाचेल म्हणाले. ते उठले, घरी गेले, अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि या वेळी स्वतः रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पुढे नावं पुकारायला कुणी नव्हतंच. मग त्यांनीच पोरांना सांगितलं, की गबाळ्याचा रोग मला आहे. पोरांपैकी कुणी हसलं नाही. सुली तेवढी रडली.

मिरजेच्या इस्पितळात त्यांना मीच पोचवलं. एक फुप्फुस जवळजवळ गेलं होतं आणि दुसऱ्यातही पसरलं होतं. वर्षभर आधी कळलं असतं तर, हे मी तेव्हा रोज म्हणायचे, आता म्हणत नाही. मी महिन्यातून एकदा जायचे. कॉटवरही चादरीची घडी काटकोनात. इंजेक्शन किती झाली ते त्यांना पाठ असायचं, पण उडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. सुलीचं वजन तेवढं दर वेळी विचारायचे आणि मी सांगितलेला आकडा नर्सला परत सांगायचे.

शेवटच्या भेटीत त्यांना बोलताना धाप लागत होती. म्हणाले, "एक काम करा. त्या सिनेमावाल्यांस्नी लिवा. त्या मानसाची दाढी करा म्हनावं, चांगली कापडं घाला. माज्यासारकी मानसंबी बघत असत्यात." दहाव्या दिवशी ते गेल्याची तार आली.

मी लिहिलं, दोनदा. उत्तर नाही. पुढच्या वर्षी जीप आली तेव्हा मी चालकाला गाठून सांगितलं, तर तो म्हणाला, बाई, चित्र काढून झालंय, आता त्याची दाढी कोण करणार? तोच सिनेमा लागला. तोच माणूस थुंकत आला आणि पोरं खिदळायला लागली. मी पडद्यापुढे जाऊन काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण उठायला मला जरा उशीर झाला. माझ्याआधी पुढच्या रांगेतून सुली उठली. अंगाने चांगली भरली होती ती तोवर. पडद्याच्या उजेडात उभी राहून म्हणाली, "हसू नगासा. आमच्या आज्जाला ह्योच रोग हुता. आमचा आज्जा असा नव्हता."

पडद्यावर डॉक्टर आरसा लावून हसत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा ओसरीवर एक माणूस आधीच येऊन बसला होता. ते आमच्या शाळेचे हेडमास्तर होते, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. मी म्हटलं, सर, तुम्ही कसे? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढला. मी विचारलं, खोकला कधीपासून आहे? ते म्हणाले, दिवाळीपासून.