पांढऱ्या मातीची पाटी
भिजवलेल्या पांढऱ्या मातीचा वास आला की केजजवळच्या आमच्या घरातली, माझ्या लहानपणीची ती सकाळ आठवते. मोठ्या भूकंपानं माळवदाला, म्हणजे घराच्या मातीच्या छताला, पडलेल्या भेगा बुजवायला वडील मातीची पाटी घेऊन शिडी चढत होते. नंतरचे धक्के नोंदवायला हैदराबादेहून आलेले साहेब अंगणात काठोकाठ भरलेल्या तांब्याकडे बघत बसले होते. “छतावर वजन वाढवू नका,” ते म्हणाले. “मग पावसात तुमचा तांब्या डोक्यावर धरू का, सायेब?” वडील हसले. तेवढ्यात तांब्यातलं पाणी थरथरून सांडलं. वडिलांनी पाटी टाकली आणि आत साहेबांसाठी भाकऱ्या थापणाऱ्या आईला हाक मारली, “करपू दे भाकर, आदी बाहेर ये!” ती अंगणात पोचली आणि पुढच्या धक्क्याला माळवद चुलीवर कोसळलं. आज घरदुरुस्तीच्या यादीत मी माती खोडून पत्रे लिहिले, तेव्हा म्हातारी आई म्हणाली, “त्या सायबाला भाकर वाढायची राहिलीच की रे.”