मेरिलला सांगितलं म्हणजे झालं

बटाटे निम्मेच सोलून झाले होते, तेवढ्यात ओडेटला आठवलं की आज शनिवार, गावचा कचरा-डेपो बाराला बंद होतो. सुरी तशीच टाकून ती आठवड्याच्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन निघाली. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या त्या गावात आमदार भेटायचा तो डेपोवरच. शेजारच्या डेअरीचा मालक मेरिल हाच तो आमदार; दर शनिवारी तो तिथे उभा असे.

ओडेटचा नवरा रोलँड फुप्फुसांनी अधू. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने शिफारशीच्या लशींची यादी बदलली, तशी विमा कंपनीने त्याच्या लशीचा खर्च नाकारला होता. राज्याने स्वतःची यादी करावी आणि विम्याने ती मानावी, असं विधेयक आता विधानसभेत आलं होतं.

"आपल्या विधेयकाचं काय रे, मेरिल?"

"मंगळवारी समितीपुढे आहे. विरोधात नव्वद पत्रं आलीत. आपल्या गावातून बाजूने एकही नाही."

"अरे, पण आम्ही सगळ्यांनी तुला सांगितलंय की! इथेच, या बाटल्यांच्या पिंपाशी!"

"मला सांगितलंत गं बाई. पिंपाने काही लिहून घेतलं नाही."

ओडेटला हसू आलं नाही. रोलँडसाठी ती रोज जपमाळ हाती घेऊन देवाला सांगे आणि शनिवारी मेरिलला. तेवढ्याने आपलं काम झालं, असं तिने धरलं होतं. देवाला कागद लागत नाही, समितीला लागतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मंगळवारी तूच ये आणि समितीपुढे बोल," मेरिल म्हणाला.

"मला चार माणसांत बोलता येत नाही."

"दोनच मिनिटं मिळतात. मला तर दर शनिवारी वीस मिनिटं सुनावतेस!"

घरी येऊन उरलेले बटाटे सोलताना ओडेटचं ठरलं: सोमवारी सकाळी समितीच्या कारकुनाला फोन करून मंगळवारच्या बोलणाऱ्यांत आपलं नाव घालायचं.