मरोळचा आवाज आणि माझा ड्रॉवर

“हा ट्रान्समीटर नाहीये, सर,” सुनंदा म्हणाली.

नेमकं त्याच वेळी मी फोनवर प्रधान साहेबांना सांगत होतो की हा ट्रान्समीटरच आहे आणि बेकायदा आहे. प्रधान साहेब म्हणजे आमच्या मुंबई विभागाचे प्रमुख. मी फोनच्या तोंडावर हात ठेवला.

“मग काय आहे?”

“अजून माहीत नाही. पण कोणीतरी हाताने काम करतंय. बघा ना.”

तिने कागदाची लांब पट्टी माझ्यापुढे धरली. रिसीव्हरला जोडलेलं पेन त्या पट्टीवर सतत रेघ ओढत असे. रेघ सरळ असली म्हणजे आकाश शांत. आमची रेघ चार सेकंद उडी मारायची, दहा-बारा सेकंद सरळ जायची, की पुन्हा उडी.

“बोलणारा माणूस असा बोलतो का?” ती म्हणाली. “हे ठेवणं, दाबणं, उचलणं आहे.”

मी फोनवर परत आलो आणि म्हणालो, “ट्रान्समीटरच आहे, साहेब. रिपोर्ट पाठवतो.”

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग खात्यात इंजिनीअर होतो. हवेतल्या प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मालक ठरलेला असतो: इथे पोलीस, इथे विमानं, इथे जहाजं. कोणी दुसऱ्याच्या जागेत घुसलं तर आम्ही त्याला शोधायचं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमचं छोटं स्टेशन होतं आणि त्याचा इन्चार्ज मी, गावडे. चौदा वर्षं नोकरी झाली होती. घर भांडुपला.

त्या वर्षी आमच्या आवारात एका संशोधन संस्थेने चाचणीसाठी अँटेना उभा केला होता. काम बघायला डॉ. केळकर यायचे. ते रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. तारे, तेजोमेघ हे प्रकाशासारख्याच रेडिओ लहरीही सोडतात, पण त्या पृथ्वीवर पोचेपर्यंत इतक्या क्षीण होतात की शेजारच्या गल्लीतलं साधं यंत्रही त्यांना गिळून टाकतं. म्हणून काही पट्टे त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. तिथे कोणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. जगातले देश जिनिव्हाला जमून हे ठरवतात आणि एका जाड पुस्तकात छापतात. आमचा पट्टा तीनशे बावीस ते तीनशे अठ्ठावीस मेगाहर्ट्झचा. पुस्तकात त्याचं संरक्षण एका तळटिपेपुरतं होतं.

ती तळटीप आणखी पक्की करावी असा प्रस्ताव भारताने मांडायचा, असं घाटत होतं. पण आपल्याच देशातल्या दुसऱ्या एका खात्याला तो पट्टा बिनतारी फोनसाठी हवा होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मुंबईत हा पट्टा आधीच घाण झालाय, मग वाचवायचं काय? दिल्लीत पुढच्या सोमवारी बैठक होती. आमचा रिपोर्ट त्या आधी पोचायला हवा होता. ‘बेकायदा ट्रान्समीटर, सापडला नाही’ असं मी लिहिलं असतं, तर समोरच्या खात्याला आयताच पुरावा मिळाला असता.

शिवाय जिनिव्हाला जाणाऱ्या मंडळात मुंबईकडून एक टेक्निकल माणूस घेणार होते. प्रधान साहेब मला म्हणाले होते, “हे सोडव, मग तुझं नाव टाकतो.” मी घरी बायकोला सांगून बसलो होतो. तिने शेजारणीकडे स्वेटरच्या विणीची चौकशीही केली होती.

आता सुनंदाबद्दल. सुनंदा वाघमारे, वाकोल्याची. खात्यात येऊन तीन वर्षं झाली होती. लॉग कसा लिहायचा, अँटेना कसा फिरवायचा, सगळं तिला मीच शिकवलं. पहिल्या वर्षी त्याचा मला अभिमान वाटायचा. दुसऱ्या वर्षी ती मला न विचारता बरोबर उत्तरं काढायला लागली. तिसऱ्या वर्षी डॉ. केळकर आले की “वाघमारे मॅडम आहेत का?” असं विचारायला लागले. मी टेबलावर बसलेलो असताना. “मी आहे ना,” म्हटलं की ते “हो, हो, बसा” म्हणायचे आणि दाराकडे बघायचे.

कॅन्टीनमध्ये एकदा एकजण म्हणाला, “कोट्यातून आलेली, आणि रुबाब बघ.” मी हसलो नाही. पण त्याला गप्पही केलं नाही. चहा संपवला आणि उठलो.

मंगळवारी सकाळी सुनंदाने माझ्यासमोर तीन पानं ठेवली. स्वच्छ अक्षर, खाली सही, तारीख.

“सापडलं, सर. प्लास्टिक वेल्डिंग मशीन आहे.”

फाइलींची कव्हरं, रेनकोट असल्या वस्तूंत प्लास्टिकचे दोन तुकडे जोडतात ना, ते शिवत नाहीत. दोन पट्ट्यांमध्ये ठेवून त्यातून रेडिओ लहरी सोडतात. प्लास्टिक आतून वितळतं आणि चिकटतं. या मशीनना सत्तावीस मेगाहर्ट्झची जागा दिलेली असते. पण मशीन जुनं झालं, कव्हर निघालं, की त्या आकड्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीवरही बारीक बारीक गळती होते.

“सत्तावीसला बाराने गुणा,” ती म्हणाली. “तीनशे चोवीस. आपल्या पट्ट्याच्या आतच.”

“तुला हे मशीन कसं सुचलं?”

“माझी आई अशाच मशीनवर होती, नऊ वर्षं. कव्हर काढलं की काम भराभर होतं, पण बोटांना चटके बसतात. ती घरी आली की ताकात बोटं बुडवून बसायची. ठेव, पायाने दाब, उचल. काल त्या पट्टीकडे बघताना मला तोच हिशेब आठवला. दिशा मरोळकडे लागतेय.”

मी तिन्ही पानं वाचली. चूक शोधत वाचली. एकही सापडली नाही.

“ठेव. आधी खात्री करू,” मी म्हणालो आणि पानं ड्रॉवरमध्ये टाकली.

खात्री करायला अर्धा दिवस पुरला असता. बुधवारी साहेबांचा फोन आला.

“गावडे, काय झालं रे?”

“चालू आहे, साहेब.”

“वाघमारेला काही सुचलंय का?”

तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझे कान गरम झाले. “अजून काही ठोस नाही,” मी म्हणालो. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला टेकलेला होता.

गुरुवारी मी एकटाच जीप घेऊन निघालो. सुनंदाला सांगितलं, विभागीय ऑफिसात मीटिंग आहे. माझा बेत साधा होता. मशीन मीच शोधायचं, मालकाला मीच तंबी द्यायची, आणि माझ्या सहीचा नवा रिपोर्ट पाठवायचा. तिची तीन पानं त्याला जोडपत्र म्हणून लावता आली असती. शेवटी.

मरोळच्या एका गल्लीत जीपमधल्या, लहरी मोजणाऱ्या मीटरचा काटा पार टोकाला गेला. खालच्या मजल्यावर गाळा होता. आत चार बायका मशीनवर. मालकांनी, मेहताभाईंनी, मला बघून खुर्ची पुढे केली.

“या साहेब, बसा. आता परत काय? कव्हर लावतोय ना.”

“कसलं कव्हर?”

“अरे, तुमच्या मॅडम काल येऊन गेल्या ना संध्याकाळी. बसने आल्या होत्या. हातात साधा ट्रान्झिस्टर. बाई पायाने दाबायची की तो खरखरायचा. मला स्वतः ऐकवलं त्यांनी. मी म्हटलं, मॅडम, नोटीस काढणार काय? तर म्हणाल्या, नोटीस नको, कव्हर लावा, तुमच्या बायकांची बोटं पण वाचतील.”

तीन मशीनवर पत्र्याचं कव्हर चढलेलं होतं. चौथं अजून उघडंच चालू होतं, शेजारी एक फिटर त्याचं कव्हर जुळवत होता. मी चहा नको म्हटलं. जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हरने विचारलं, “सापडला का चोर?” मी म्हटलं, “चल.”

शुक्रवारी सकाळी पेनाने सरळ रेघ ओढली. अकरा वाजले, बारा वाजले, रेघ सरळच. डॉ. केळकर पट्टी हातात घेऊन दारापर्यंत गेले, परत आले आणि त्यांनी सुनंदाशी हस्तांदोलन केलं.

“झकास! आता दिल्लीत मी ठामपणे सांगू शकतो. पट्टा घाण नाहीये, मशीनला पत्रा नव्हता एवढंच.”

त्यांनी तिथूनच प्रधान साहेबांना फोन लावला. मग फोन माझ्याकडे दिला.

“गावडे, रिपोर्ट कुठे आहे?”

“पाठवतोय, साहेब. आत्ता.”

ड्रॉवर उघडला. सुनंदा समोर उभी होती. मी पानं काढताना तिने पाहिली. संध्याकाळच्या आत टेलेक्सने मजकूर दिल्लीला गेला. जावक नंबर पडला, शुक्रवारची तारीख पडली.

प्रधान साहेबांचा पुन्हा फोन आला. “बैठकीला वेळेत पोचेल. पण मंडळाची यादी काल बंद झाली. आपल्याकडून कागद नाही म्हणून मुंबईची जागा दुसऱ्या स्टेशनला गेली. वाघमारेने सोडवलं असतं तर मी तिचंच नाव देणार होतो. तू बुधवारी म्हणालास, ठोस काही नाही.”

सगळे गेल्यावर सुनंदा जावक रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“सर, मंगळवारी दिलेला कागद शुक्रवारी निघाला. तीन दिवस कुठे होता?”

खोटं बोलायला जागा होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जमलं नाही.

“ड्रॉवरमध्ये.”

“खात्री करत होतात?”

“नाही. जळत होतो.”

तिने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, “जिनिव्हाचं मला काही नाही, सर. पासपोर्टही नाहीये माझा. पण कागद माझा होता. तो चुकीचा असता तर तुम्ही त्याच दिवशी परत केला असतात.”

रजिस्टर जागेवर ठेवून ती घरी गेली.

सोमवारी मी प्रधान साहेबांकडे जाऊन उशीर माझा होता असं लेखी दिलं. कारण लिहिताना तीन वाक्यं खोडली आणि शेवटी ‘वैयक्तिक’ एवढंच लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, आणि मला मेमो दिला. बढती दोन वर्षं मागे गेली. सुनंदाने पुढची दोन वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच सही करून घेतली. मी करून देत होतो.

दिल्लीच्या बैठकीत तिची तीन पानं वाचली गेली. समोरच्या खात्याने माघार घेतली, प्रस्ताव गेला, जिनिव्हात वाद झाले आणि आमचा पट्टा वाचला. काही वर्षांनी पुढच्या परिषदेला सुनंदाच गेली, तिथे इतर देशांच्या लोकांना गळती कशी शोधायची ते शिकवून आली. जाण्याआधी ती मला भेटायला आली होती. मी मनापासून अभिनंदन केलं, आणि त्याच क्षणी पोटात दुखलंही. दोन्ही खरं होतं.

निवृत्त होईपर्यंत मी एक पथ्य पाळलं. हाताखालच्या माणसाचा कागद आला की तो त्याच दिवशी, त्याच्याच नावाने पुढे पाठवायचा. हेवा वाटण्याला कुठल्याही सर्व्हिस रूलमध्ये मनाई नाही. कागद जावक झाल्यावर घरी जाऊन पाहिजे तेवढं जळता येतं.