माहेरच्या नावाचा रकाना

माझी नात प्रज्ञा मेली त्याला आज वर्ष झालं.

मी म्हातारी, शुगर आहे, गुडघे गेलेत, आणि मी ठणठणीत.

दोष द्यावा तर आमच्या घरात देवही नाही.

सकाळी विहारात वंदना झाली. लोक आले, खीर खाल्ली, "लई हुशार पोरगी होती की" म्हणून गेले. पण ती काय काम करायची ते एकालाही सांगता आलं नाही.

म्हणून मी लिहिते. लिहिते म्हणजे फोनमध्ये बोलते, तो टाइप करतो. ते पण तिनंच शिकवलं. मी चौथी शिकलेली. कुणाला चुका काढायच्या असतील तर घरी या, समोर काढा.

प्रज्ञा सॉफ्टवेअर लिहायची. कंपनी पुण्याची, पोरगी जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या शिलाई मशीनशेजारी. मी टॉवेलचे काठ शिवायचे, ती की-बोर्ड बडवायची.

आता दवाखान्याची सगळी कागदं कॉम्प्युटरमध्ये ठेवतात. रिपोर्ट, एक्स-रे, विम्याची पत्रं. ती ठेवायची सिस्टिम कुठल्यातरी कंपनीची असते. प्रज्ञा त्या सिस्टिमवर चालणारं ॲप बनवायची. काउंटरवरच्या माणसानं नाव टाकलं की कागद समोर.

इथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम तिच्याकडं आलं. एकदा तिथं बघायला म्हणून गेली आणि तोंड पाडून परत आली.

"काय झालं गं?"

"आज्जी, मोहोळची एक बाई आलती. लग्नाआधी हितंच ऑपरेशन झालतं तिचं. कागद सापडंना. नवरा सगळ्यांसमोर म्हणतोय, खोटं बोलती ही."

"मग?"

"कागद हाईत की! माहेरच्या नावावर हाईत."

"बरं. आधी जेव."

जेवली नाही.

तिनं ठरवलं, ॲपमध्ये माहेरच्या नावाचा रकाना करायचा. तो भरला की दोन्ही नावांची कागदं एकत्र दिसतील.

तिचे साहेब फोनवर म्हणाले, करा, पण सिस्टिमवाल्या कंपनीच्या पद्धतीनं करा, लवकर उरकेल. ही म्हणाली, नाही, ओपन स्टँडर्डनंच करणार. जुंपली दोघांची. मी मशीन थांबवून ऐकत होते.

"सायेब सांगतोय तसं कर की भवाने. कशाला डोळं फोडून घेतीस?"

"आज्जी, तुझ्या मशीनचं बॉबिन कुठल्या कंपनीचं हाय?"

"कुणाला ठाऊक. दुकानात मिळंल ते बसतं."

"का बसतं? माप सगळ्यांनी मिळून ठरवलंय म्हणून. माझं बी तसंच हाय. त्या कंपनीच्या मापानं केलं तर उद्या दवाखान्यानं कंपनी बदलली की माझा रकाना गेला. सगळ्यांच्या मापानं केलं तर खाली कुणाची बी सिस्टिम येऊ दे."

"आन् तवर तू कुटं जाणार हाईस?"

"मी कुटं जाती? हितंच हाय."

लग्नाचं काढलं की म्हणायची, "नको. मला बी दोन नावांत शोधत बसशील."

रकाना तिनं तिच्याच पद्धतीनं केला, दवाखान्यात चालू पण झाला. मग ताप आला. साधा वाटला. साधा नव्हता.

कंपनीचा माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला. नियम असतो म्हणे. टेबल राहिलं. जागा कमी पडते, तरी मी त्यावर टॉवेल ठेवत नाही.

तेव्हापासून मी काही दुखत नसलं तरी त्या ट्रस्टच्या दवाखान्यात जाते. काउंटरवर रुखसाना असते.

"काय दादी, तपासायचंय का?"

"न्हाय. पंखा बरा हाय तुमचा."

ती समजते.

मी बाकावर बसते. रुखसाना येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते, "माहेरचं नाव?" तेवढं ऐकायला जाते मी.

गेल्या महिन्यात रुखसाना म्हणाली, "दादी, सोमवारपासनं दुसरी कंपनी येणार. सिस्टिम सगळी नवीन."

घरी आले. भाकरी ताटात तशीच राहिली.

पोरगी गेली ती गेली. तिचा तेवढा रकाना ठेवा, हे सांगायचं कुणाला? सांगितलं तरी म्हातारीला वेड लागलं म्हणतील.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी मी दारात.

नव्या कंपनीचा पोरगा रुखसानाच्या खुर्चीमागं उभा होता. सांगोल्याची एक बाई आली, बरोबर सासू. रुखसानानं नाव टाकलं.

काहीच आलं नाही.

मी बाकावरून उठले.

रुखसानानं मान वर न करता विचारलं, "माहेरचं नाव सांगा."

बाईनं एकदा सासूकडं बघितलं. मग हळूच सांगितलं. बऱ्याच वर्षांत तोंडातून निघालं नसावं, असं सांगितलं.

कागद आले. सगळे.

तो पोरगा वाकून स्क्रीन बघायला लागला. "हे ॲप कुणी लिहिलंय? आम्ही खालची अख्खी सिस्टिम बदलली, ह्यात काहीच बदलावं लागलं नाही."

रुखसानानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांच्या नातीनं."

पोरगा खूश. माझ्याजवळ आला. "आजी, मॅडमचा नंबर द्या की. बोलायचंय त्यांच्याशी."

रुखसानानं तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "मला बी बोलायचंय रं बाबा."

प्रज्ञा, तुझं चाललंय.

भाव बीव मला लिहिता येत नाही. श्रद्धांजली तेवढी घे, पोरी.

— तुझी आज्जी